नववा गडी

आमच्या कॉलेजच्या हुतूतू संघाच्या कप्तानाने मला फसवले. पुण्याच्या संघाने नव्हे, पंचांनी नव्हे, माझ्याच कप्तानाने. हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो, कारण नाशकात ही गोष्ट उलटी सांगितली जाते. बोलण्याच्या नादात मी स्वतःचीच जागा देऊन बसलो, असे लोक सांगतात. दुकानात येणारी जुनी गिऱ्हाइकेही कधीकधी हसत हसत विचारतात, खरे का हो ते? मी त्यांना भांडी दाखवतो.

गोष्ट एकोणीसशे तिसानंतरची, मी विशीच्या आसपास असतानाची. मी मामांकडे वाढलो. मामांचे तांब्यापितळेच्या भांड्यांचे दुकान होते. सकाळी तीन तास मी दुकानात बसायचो आणि मग जुन्या सायकलवरून कॉलेजात जायचो. मामांची माझ्या शिकण्याला हरकत नव्हती. त्यांचे म्हणणे एवढेच होते की वकील-डॉक्टरांची ती पोरे मला कधी आपल्यात धरणार नाहीत. "काम काढून घेतील," ते म्हणायचे, "आणि जेवायला बसायची वेळ आली की पाट मोजतील." मी म्हणायचो, धरतात की नाही ते तुम्ही बघालच. या एका वाक्यावरून आमचे दोन वर्षे भांडण चालू होते. मामा भांडताना आवाज चढवत नसत. मी चढवायचो.

हुतूतूला तेव्हा सगळीकडे एकच नियम नव्हता. छापील नियम निघाले आहेत असे ऐकायचो, पण ज्याच्या गावात खेळायचे त्याचे नियम चालत. कुठे नऊ गडी खेळत, कुठे सात. कुठे बाद झालेला गडी शेवटपर्यंत बाद राही, त्याला गामिनी म्हणत. कुठे समोरचा एक बाद केला की आपला एक बाद गडी परत मैदानात येई, ती संजीवनी. अंगाला तेल चालेल का, नखे कोण तपासणार, चढाई करणाऱ्याचा दम, म्हणजे एका श्वासातले हुतूतू, मोडला हे कोण ठरवणार, हे सगळे सामन्याआधी दोन्ही बाजूंनी समोरासमोर ठरवावे लागे. आम्ही त्याला बोली म्हणायचो. बोलीत हरलेला संघ मैदानात उतरण्याआधीच अर्धा हरलेला असे.

कप्तान शहरातल्या एका मोठ्या वकिलांचा मुलगा. उंच, चपळ, चढाईला गेला की एकदोन गडी घेऊनच परतायचा. त्याला बोली मात्र जमत नसे. समोरच्याने काहीही मागितले तरी तो म्हणायचा, "काही हरकत नाही." त्याच्या घरात कोणाला कशाची हरकत घ्यायची वेळ कधी आली नसावी. आदल्या वर्षी त्याने हरकत नाही म्हणत म्हणत तीन सामने घालवले होते.

एकदा तो आईबरोबर आमच्या दुकानात आला. त्यांना नवा बंब हवा होता आणि जुना बंब मोडीत द्यायचा होता. मी बाईंना तासभर बोलण्यात ठेवले. नवा बंब मी सांगितलेल्या भावाने गेला, जुना माझ्या भावाने आला, आणि बाई जाताना मला म्हणाल्या की फार सालस मुलगा आहे. कप्तान दाराशी उभा राहून सगळे बघत होता. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या व्हरांड्यात त्याने मला गाठले.

"हुतूतू खेळतोस का रे?"

"थोडं."

"थोडं पुरे," तो म्हणाला.

मी तिथेच माझी अट घातली. हंगामातल्या सगळ्या सामन्यांची बोली मी करीन. त्या बदल्यात नववा गडी मी, आणि तो प्रत्येक सामन्यात, शेवटच्यासुद्धा. शेवटच्या सामन्याचे मी दोनदा बोललो, कारण तो नाशकात होणार होता आणि मामांना तो बघायला आणायचे हे मी तेव्हाच ठरवले होते. कप्तानाने हात पुढे केला. "तुझी जागा पक्की." मी हात मिळवला. तोंडी केलेला तो माझा शेवटचा व्यवहार.

पहिला सामना सातपूरला. सातपूर तेव्हा शेतांतले गाव होते. तिथले गडी शेतकरी, अंगाने आमच्या दीडपट, आणि खेळायच्या आधी मानेपासून पोटरीपर्यंत तेल चोपडायचे. असा माणूस धरायचा म्हणजे मासा धरण्यासारखे. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "त्याल तर लावनारच. त्यालाबिगर अंग मोकळं व्हत नाय."

मी तेलाचा शब्दच काढला नाही. मी म्हणालो, सामना आमच्या मैदानावर झाला पाहिजे. हे ते कधीच कबूल करणार नव्हते आणि आम्हालाही ते नको होते. त्यावर मी अर्धा तास भांडलो, एकदा टोपी जमिनीवर आपटली, आणि शेवटी फार वाईट वाटल्यासारखे करून म्हणालो की बरे, मैदान तुमचे, पण मग अंगे पुसून उतरा. मला एवढे सोडायला लावल्यावर नाही म्हणणे त्यांना जड गेले. म्होरक्या पंच्याने अंग पुसून घेत होता तेव्हा कप्तानाला म्हणाला, "लय बोलतो ह्यो. खेळतो का नुसता बोलतोच?" कप्तान म्हणाला, "दोन्ही." आम्ही जिंकलो. परतीच्या वाटेवर सगळ्यांनी मला शेठ म्हणायला सुरुवात केली. मला ते तेव्हा आवडले.

मग डोंगरातले हरसूल. बाजाराच्या दिवशी बोलावले होते, बाजारापलीकडच्या माळावर. तो माळ एका बाजूला चांगलाच उतरता होता. पाहुणे म्हणून मी पहिल्या डावाला वरची बाजू मागितली. मध्यंतरानंतर बाजू बदलायच्या वेळी म्हणालो की खालून आमच्या डोळ्यांवर ऊन येते, तेव्हा आहे तसेच राहू द्या. त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला, एवढा बोलतो आहे तर देऊन टाका त्याला. दोन्ही डाव आम्ही चढावर होतो. तरी हरलो. त्या पोरांना चढ आणि उतार यांत काही फरकच वाटत नव्हता. ही हार बोलीची नव्हती, हे मी मोटारीत सर्वांना समजावून सांगितले.

तिसरा सामना मालेगावचा, विणकरांच्या संघाशी. हा सामना माझ्याविरुद्ध नेहमी सांगितला जातो, म्हणून तो जसा झाला तसा लिहितो. बोली मी चांगली केली होती. नऊ गडी, गामिनी, तेल नाही. शेवटी दोन्ही बाजूंचे तीन-तीन गडी उरले होते आणि चढाईला मी होतो. मी त्यांच्या एकाला हात लावला आणि परत निघालो. मधली रेषा दीड हातावर. तेवढ्यात त्यांच्यातला एक बारकेला गडी म्हणाला, "पाय बाहेर गेला."

पाय बाहेर गेला नव्हता. मी थांबलो आणि त्याला विचारले, "कुठे गेला? दाखव."

दम मोडला. बाकीच्यांनी मला उचलून खाली घातले. मी बाद, आणि ज्याला हात लावला होता तो जिवंत. त्यांचा कप्तान माझ्या छातीवरून उठताना अगदी नम्रपणे म्हणाला, "शेठ, पहले दम संभालो. हिसाब बाद में करेंगे." तिथले बघे एवढे हसले की पंचांना सामना थोडा थांबवावा लागला. आम्ही एका गड्याने हरलो. पाय बाहेर गेला नव्हता हे मी आजही सांगतो. तो बारकेला गडीही मला नंतर म्हणाला की गेला नव्हता.

परतताना सर्व्हिस मोटारीत कोणी मला शेठ म्हटले नाही. चांदवडचा घाट चढेपर्यंत मी वाट पाहिली आणि मग कप्तानाला विचारले, माझ्या जागेचे काय? तो खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, "पक्की म्हटलं ना एकदा." दुकानात कोणी असे बोलले असते तर मी आणखी दोन प्रश्न विचारले असते.

पुढचे दोन सामने आम्ही जिंकलो. त्यांत मी चढाईला गेलो नाही, कोपरा धरून उभा राहिलो, आणि एका पकडीत माझाही हात होता. मग शेवटच्या सामन्याची तारीख ठरली. पुण्याच्या एका कॉलेजचा संघ आमच्या मैदानावर येणार होता. मी मामांना सांगितले. पेठेतल्या सगळ्या दुकानदारांनाही सांगितले, ते मात्र सांगायला नको होते.

मामांनी दुपारी दुकान बंद केले. भरदिवसा दुकानाला कुलूप मी एरवी फक्त सुतकात पाहिले होते. मामा कोट घालून, काळी टोपी लावून आले आणि दोरीला लागून पहिल्या रांगेत उभे राहिले. आजूबाजूला वकील होते, मामलेदार होते, प्रोफेसर होते. मामांनी कोणाला रामराम केला नाही. ते फक्त मैदानाकडे बघत होते.

पुण्याचा कप्तान चष्मेवाला, हडकुळा, बोलायला गोड. आम्ही दोघे मैदानाच्या कडेला बोलीला बसलो. आमचा कप्तान माझ्या मागे उभा होता. मी गामिनी मागितली. आमच्या कप्तानासारखा गडी असला की गामिनी फायद्याची. तो म्हणाला, चालेल. तेल नको म्हणालो. तो म्हणाला, योग्य आहे. पंच म्हणून मी जुन्या नाशकातल्या तालमीच्या उस्तादांचे नाव सांगितले. त्यांना आमचे मैदान ओळखीचे होते आणि आमची पोरेही. तो म्हणाला, "आनंदाने. आमचं एकच मागणं आहे. नवांऐवजी सातांनी खेळू. आम्हाला तीच सवय आहे."

मी मागे वळून कप्तानाकडे पाहिले. तो म्हणाला, "तू ठरव. तुला यातलं कळतं."

तीन घेऊन एक द्यायचे होते. माझी जागा पक्की होती. कमी होणारे दोघे दुसरे कोणी असणार होते, आणि ते कोण असावेत हेही मी मनात ठरवून टाकले होते. मी थोडी कुरकुर केली, ती नुसती सवयीने, आणि सात कबूल केले. दुकानात गिऱ्हाईक एक शब्द न बोलता भाव कबूल करते तेव्हा मी त्याची मोड पुन्हा तराजूत घालतो. त्या दिवशी घातली नाही. झाडाखाली बसलेल्या आमच्या पोरांकडे जाऊन मी मोठ्याने सांगितले, "तीन अटी घेतल्या, एक दिली." सगळ्यांनी शाबासकी दिली.

कप्तानाने सात नावे वाचली. त्यांत मी नव्हतो.

मी त्याला बाजूला घेतले. म्हणजे खरे तर त्याचा दंड धरून ओढला. "माझी जागा पक्की होती."

"होतीच," तो म्हणाला. "नववी. आता नववी जागाच राहिली नाही."

"मग दुसऱ्या कोणाला काढ."

"सात कोणी कबूल केले?" त्याने विचारले. आवाजात राग नव्हता. "मी केले का?"

मी त्याचा दंड सोडला. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला की बोली फार सुंदर केलीस, आणि मैदानात गेला.

मी बनियन आणि चड्डीवर दोरीच्या आत उभा राहिलो. कपडे बदलायला गेलो असतो तर मामांना कळले असते. मामांनी मला बघितले आणि बोटाने विचारले, कधी? मी हाताने सांगितले, थोड्या वेळाने.

सामना चांगला झाला. कप्तान त्या दिवशी जसा खेळला तसा मी कोणाला खेळताना पाहिलेला नाही. हे मला लिहावे लागते, कारण ते खरे आहे. पण उत्तरार्धात एक तंटा झाला. पुण्याचा पकडीत सापडलेला एक गडी म्हणत होता की आपण मधल्या रेषेला हात लावला, उस्ताद म्हणत होते की नाही, आणि पुण्याचे सगळे उस्तादांभोवती गोळा झाले. कप्तानाने इकडेतिकडे पाहिले आणि मला हात केला.

"ये रे. बोल जरा यांच्याशी."

मी गेलो. का गेलो असे मला पुष्कळदा विचारले गेले आहे. हरकत खरी होती, गड्याचा हात रेषेपासून चांगला वीतभर अलीकडे होता, आणि पुण्याची मंडळी चुकीचे बोलत होती. चुकीचे बोलणाऱ्यासमोर गप्प उभे राहणे मला कधी जमलेले नाही. मी मैदानात जाताना पाहून मामांनी टोपी सारखी केली आणि शेजाऱ्याला काहीतरी सांगितले. त्यांना वाटले, मी उतरलो. रेषेवरची पांढरी फक्की कुठेही विस्कटली नव्हती ते मी दाखवले, बोटे मातीत कुठून कुठे घासली ते दाखवले, आणि पुण्याच्या कप्तानाकडूनच गडी बाद असल्याचे वदवून घेतले. मग कप्तान म्हणाला, "झालं. जा आता."

मी दोरीकडे परत आलो. मामांकडे पाहिले नाही.

आम्ही जिंकलो. तोच गडी बाद ठरल्यामुळे जिंकलो.

मामा शेवटपर्यंत थांबले होते. पेठेपर्यंत आम्ही चालत आलो, सायकल मी हातात धरली होती. दुकानाशी आल्यावर त्यांनी किल्ली काढली आणि विचारले, "तुला का नाही घेतलं?"

"सातच खेळले."

"सात कुणी केले?"

"मी," मी म्हणालो.

मामांनी कुलूप उघडले. हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. आमचे दोन वर्षांचे भांडण तिथे संपले, आणि ते मी हरलो होतो. कॉलेजच्या जिमखान्यात विजयी संघाचा लाकडी फळा लागला, त्यावर सात नावे होती. वर्षअखेरीची परीक्षा दिली, पास झालो, आणि दुकानात येऊन बसलो. पुढे दुकान माझे झाले, दुसरे मी स्वतः काढले. त्याबद्दल मला कोणाचे उपकार मानायचे नाहीत.

इथपर्यंत लोक सांगतात ती गोष्ट आणि माझी गोष्ट एकच आहे. पुढची त्यांना ठाऊक नाही.

बऱ्याच वर्षांनी एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायला दुकानात आले. चष्मा जाड झाला होता, पण आवाज तोच गोड. त्यांनीही मला ओळखले आणि फार आनंदाने हात धरला. घागरी बघता बघता म्हणाले, "त्या सामन्याआधी तुमच्या कप्तानाचं पत्र आलं होतं मला. बोलीला आमचा एक जण बसेल, भारी आहे, तो मागेल ते देऊन टाका, फक्त सातांचं मागणं सोडू नका. आम्हाला नवल वाटलं. पण आम्ही सातांनीच खेळायचो, आम्हाला बरंच होतं. कशासाठी लिहिलं होतं हो त्यांनी तसं?"

मी विचारले, पत्र कधीचे? ते म्हणाले, तारीख कशी आठवेल, पण मालेगावची तुमची फजिती त्यात लिहिली होती.

मी त्यांना भांडी बांधून दिली. त्या दिवशी दुसऱ्या कोणाशी मी घासाघीस केली नाही. नोकरांना वाटले, मला बरे नाही.

म्हणजे चांदवडच्या घाटात "पक्की म्हटलं ना" म्हणणारा माणूस घरी गेला आणि टाक घेऊन बसला. मला काढायचे होते तर तोंडावर काढता आले असते. मी भांडलो असतो, शिव्या दिल्या असत्या, बहुतेक एखादी थोबाडीतही दिली असती, आणि शेवटी घरी जाऊन मामांना खरे काय ते सांगितले असते. मालेगावला मी चुकलो हेही एखाद्या दिवशी कबूल केले असते. पण त्याला शब्द मोडायचा नव्हता. मोडला असे दिसायला नको होते. म्हणून त्याने ते माझ्याच तोंडून करून घेतले, आणि वर मला शाबासकी दिली.

कप्तान पुढे न्यायाधीश झाले. आता निवृत्त आहेत, नाशकातच असतात. मागे कॉलेजच्या समारंभात त्यांनी भाषण केले आणि त्यात ही गोष्ट सांगितली. आमच्या बोलीबहाद्दराने बोलण्याच्या भरात स्वतःलाच विकून टाकले, असे ते म्हणाले. सभागृह खूप हसले. मी चौथ्या रांगेत होतो. पत्राबद्दल ते काही बोलले नाहीत.

त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांकडून शपथेवर उत्तरे घेतली आहेत. माझा प्रश्न अवघड नाही. सात कोणी केले? मामांनी तो मला विचारला आणि मी त्यांना चुकीचे उत्तर दिले. तेच खरे मानून मामा गेले. बरोबर उत्तर कप्तानांकडे आहे. ते त्यांनी त्याच सभागृहात, त्याच लोकांसमोर, मी हयात असताना द्यावे.